डेंजरस डेव्ह: पहिल्या कपापासून दहाव्या दारापर्यंत

1997 साली आमच्या गावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चपला बाहेर काढून आत जावं लागे. मशीन चार, मुलं अकरा. सर फळ्यावर 'डीआयआर' आणि 'सीएलएस' या कमांड लिहून चहाला गेले की कोपऱ्यातल्या मशीनवर 'डेंजरस डेव्ह' हा गेम सुरू व्हायचा. एकाच्या बोटांखाली बाणांची बटणं, दुसऱ्याच्या बोटाखाली कंट्रोल, तिसरा दारात सरांच्या वाटेवर डोळे लावून. पळणारा एक आणि गोळी झाडणारा भलताच, त्यामुळे आमचा डेव्ह फार मरायचा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला तोच गेम लावून दिला. वय अकरा, मोबाइलवरच्या गेमांनी बोटं चांगली तयार झालेली. तिसऱ्या लेव्हलवर त्याचे सगळे डेव्ह (म्हणजे खेळायला मिळालेले जीव) पाच मिनिटांत संपले आणि तो वैतागला, "मामा, हा गेम खूप फास्ट आहे रे." गेम मुळीच फास्ट नव्हता, फास्ट तो होता. डेव्हमध्ये घाई करायला लावणारं घड्याळ नाही, मागून ढकलणारा पडदा नाही. हवा तेवढा वेळ उभं राहून बघायची मुभा आहे. आम्हाला हे कळायला दोन वर्षं लागली, कारण मागे दहा जण "हाण, हाण" म्हणून ओरडत असायचे. तुमच्या मागे कोणी नसेल, तर पुढचं वाचा.

हा डेव्ह कोण

जॉन रोमेरो या अमेरिकन प्रोग्रामरने 1988 मध्ये ॲपल टू या घरगुती कॉम्प्युटरसाठी हा गेम लिहिला. त्या काळी कागदाऐवजी फ्लॉपीवर निघणारी मासिकं असत. 'अपटाइम' हे त्यांतलंच एक, आणि डेव्ह त्यातून आला. पुढे रोमेरो लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट गावी सॉफ्टडिस्क कंपनीत लागला आणि 1990 मध्ये डेव्हची पीसीच्या डॉस या जुन्या प्रणालीवर चालणारी आवृत्ती आली. आपल्याकडच्या शाळा आणि क्लासांमध्ये हातोहात फिरली ती हीच. एका फ्लॉपीत मावायची, इन्स्टॉल करायची भानगड नव्हती. कॉपी केली की झालं.

गोष्ट म्हणाल तर एवढीच: टोपीवाला डेव्ह, 10 लेव्हल, प्रत्येकीत एक सोन्याचा कप आणि एक दार. कप घेतल्याशिवाय दार उघडत नाही. कपाला गेममध्ये 'ट्रॉफी' म्हणतात, पण आम्ही कपच म्हणायचो आणि इथेही तेच म्हणणार आहे.

गेम लावायचा कसा

दोन रस्ते आहेत. पहिला सोपा: इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या गोष्टी जपणाऱ्या वेबसाइटवर डॉसच्या जुन्या गेमांचं मोठं दालन आहे. तिथे डेव्ह ब्राउझरमध्येच खेळता येतो, काही उतरवून घ्यावं लागत नाही. नुसती चव घ्यायची असेल तर हे पुरे.

दुसरा रस्ता डॉसबॉक्सचा. नव्या विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. डॉसबॉक्स हा फुकट मिळणारा प्रोग्राम कॉम्प्युटरच्या पोटात एक जुनं मशीन उभं करतो. तो इन्स्टॉल करा, डेव्हची फाइल एका फोल्डरमध्ये ठेवा आणि ती माउसने ओढून डॉसबॉक्सच्या आयकॉनवर सोडा. कमांड पाठ करायची गरज नाही. गेम सुरू होताना ग्राफिक्स कार्ड कोणतं ते विचारतो: सीजीए, ईजीए की व्हीजीए. व्हीजीए निवडा. हौस म्हणून एकदा सीजीएसुद्धा लावून बघा. चार रंगांतला डेव्ह पाहिलात की तेव्हाच्या पोरांनी काय काय सहन केलं ते कळेल.

आता बटणं. उजवा-डावा बाण म्हणजे चालणं, वरचा बाण म्हणजे उडी, कंट्रोल म्हणजे गोळी, आल्ट म्हणजे जेटपॅक (पाठीवर बांधून उडायचं यंत्र) चालू-बंद. एवढीच. पण 1990 मध्ये निरुपद्रवी असलेल्या याच बटणांवर आजच्या कॉम्प्युटरांनी आपापली कामं लावून ठेवली आहेत, आणि नवशिक्यांचे निम्मे डेव्ह गेममधल्या कोळी-किड्यांमुळे नाही, तर त्यामुळे मरतात:

मॅकवर कंट्रोल आणि बाण एकत्र दाबले की अख्खा डेस्कटॉप बाजूला सरकतो. गोळी मारत पळायला जाल आणि गेमच पडद्यावरून गायब. मॅकच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन हे शॉर्टकट बंद करा. किंवा डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ1 दाबून बटणं बदलायचा तक्ता उघडा आणि गोळी दुसऱ्या बटणावर न्या.

विंडोजवर ब्राउझरमध्ये खेळत असाल तर नुसतं आल्ट दाबल्यावर काही ब्राउझर वरचा मेनू उघडतात आणि बाण मेनूत फिरू लागतात. जेटपॅक लागणाऱ्या लेव्हलपर्यंत पोचलात की डॉसबॉक्सवर गेलेलंच बरं.

इंटेलच्या ग्राफिक्सचे काही जुने लॅपटॉप कंट्रोल, आल्ट आणि बाण एकत्र दाबले की पडदाच फिरवतात. हवेत उडताना गोळी मारायला जाल तर हीच तीन बटणं एकदम पडतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर डेव्ह एकदा असाच उलटा लटकला होता. भाच्याला वाटलं, हीसुद्धा एक लेव्हलच आहे. तीच जोडी वरच्या बाणासोबत दाबली की पडदा सरळ होतो.

आणि डॉसबॉक्समध्ये कंट्रोलसोबत एफ9 दाबू नका. न विचारता सगळं बंद होतं. गेम अडखळत चालला तर कंट्रोल-एफ12 ने वेग वाढतो, कंट्रोल-एफ11 ने कमी होतो. एफ9 शेजारीच आहे, तेवढं बोट सांभाळा.

पहिली लेव्हल: इथेच रमा

पहिल्या लेव्हलमध्ये शत्रू नाही, आग नाही, पाणी नाही. म्हणून सगळे ती अर्ध्या मिनिटात उरकतात, आणि हीच पहिली चूक. इथे कप घ्यायच्या आधी दहा मिनिटं नुसत्या उड्या मारा.

डेव्हची उडी ठरलेल्या उंचीची आहे. बटण हलकं दाबा की जोरात, लवकर सोडा की धरून ठेवा, तो तेवढाच वर जाणार. मारिओ खेळून आलेल्यांना हे आधी खटकतं, कारण तिथे बटण धरलं की उडी लांबते. इथे एकदा उंची डोळ्यांत बसली की पुढे कधीच अंदाज करावा लागत नाही. हा कट्टा जमेल की नाही ते उडी मारण्याआधीच कळतं. हवेत असताना डावा-उजवा बाण दाबून त्याला वळवता येतं, हेही इथेच करून बघा. सरळ वर उडी, मग हवेत बाजूला वळून कट्ट्यावर. पळत येऊन झेप घेण्यापेक्षा ही उडी कितीतरी भरवशाची.

आणखी एक गोष्ट इथेच तपासून घ्या: उंचावरून पडल्याने डेव्हला काही होत नाही. छतापासून जमिनीपर्यंत बिनधास्त सोडा. खाली काय आहे ते मात्र आधी बघा.

कप घेतला की पडद्याच्या खालच्या बाजूला 'गो थ्रू द डोअर' अशी ओळ येते. मग दाराशी जा. दोन लेव्हलच्या मध्ये डेव्ह एका बोळातून चालत जातो आणि वर लिहून येतं: गुड वर्क, ओन्ली 9 मोअर टू गो. त्याच्या चालण्याचा तो कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून येणारा किरकिरा आवाज ज्यांनी लहानपणी ऐकलाय त्यांना झोपेतही ओळखू येईल.

पडदा एकदम का सरकतो

दुसऱ्या लेव्हलपासून जागा एका पडद्यात मावत नाही. डेव्ह कडेजवळ पोचला की चित्र मारिओसारखं सोबत सोबत सरकत नाही, एक मोठा टप्पा एकदम ओढला जातो. यामागे गंमत आहे, आणि ती कळली तर खेळायलाही उपयोग होतो.

मारिओ ज्यावर चालायचा त्या निन्टेन्डोच्या गेमयंत्रात पडदा सरकवण्याची सोय मुळात हार्डवेअरमध्येच होती. त्या वेळच्या पीसीला मात्र चित्र सरकवायचं म्हणजे जवळपास अख्खा पडदा पुन्हा रंगवावा लागे, आणि ते बिचाऱ्या प्रोसेसरला झेपत नसे. म्हणून रोमेरोने सोपा मार्ग धरला. पडदा म्हणजे आडवे 20 आणि उभे 10 चौकोन. डेव्ह या मांडणीत फिरतो आणि कडेला आला की पुढचे चौकोन एका दमात आत ओढायचे.

हे कोडं सुटलं तेव्हाही डेव्हच मध्ये होता. सप्टेंबर 1990 मध्ये सॉफ्टडिस्कमधल्याच जॉन कार्मॅकने पडद्याचे फक्त बदललेले तुकडे रंगवून चित्र सफाईने सरकवायची युक्ती शोधली. मग त्याने आणि टॉम हॉलने एका रात्रीत 'सुपर मारिओ ब्रदर्स 3' ची पहिली लेव्हल पीसीवर उभी केली, मारिओच्या जागी आपला डेव्ह घालून, आणि फ्लॉपी रोमेरोच्या टेबलावर ठेवून दिली. नावही त्यांनी प्रामाणिकपणे ठेवलं होतं: 'डेंजरस डेव्ह इन कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट'. त्याच डिसेंबरात त्या युक्तीवर 'कमांडर कीन' हा गेम निघाला आणि दोन महिन्यांनी, फेब्रुवारी 1991 मध्ये, या मंडळींनी इड सॉफ्टवेअर ही कंपनी सुरू केली. 'डूम' या गाजलेल्या गेमवाले ते हेच.

आता खेळाकडे. पडदा टप्प्याने सरकतो म्हणजे नवा टप्पा आत आला की तुम्ही त्याच्या डाव्या कडेजवळ असता आणि पुढचा बहुतेक भाग समोर उघडा पडलेला असतो. भाच्याला मी इथे एकच नियम घातला: पडदा सरकला की बोटं उचलायची आणि पाच आकडे मोजायचे. आग कुठे, पाणी कुठे, लवलवणाऱ्या वेली कुठे, कट्टे कुठे, कप दिसतो का. आग, पाणी आणि वेली या तिन्हींना नुसता स्पर्श झाला तरी डेव्ह गेला. त्या हलत असल्या तरी जागा सोडत नाहीत, म्हणजे पाच आकड्यांत त्यांचा हिशेब लागतो. मोजता मोजता काही अंगावर येताना दिसलं तर मागे फिरा. डावीकडे आलात की पडदाही मागे येतो.

कोळी आणि बाकीची मंडळी

तिसऱ्या लेव्हलवर कोळी येतात. बहुतेकांचा खेळ पहिल्यांदा इथेच संपतो, म्हणून जरा बैजवार सांगतो.

पहिली गोष्ट: कोळी तुमचा पाठलाग करत नाही. त्याची वाट आधीच आखलेली आहे आणि तो घाण्याच्या बैलासारखा तेवढ्याच फेऱ्या मारतो. तुम्ही कुठेही असा, त्याची फेरी बदलत नाही. म्हणून आधी दोन पूर्ण फेऱ्या बघा. कुठे वर येतो, कुठे खाली जातो, तुमच्या कट्ट्याच्या रांगेत किती वेळ असतो.

दुसरी गोष्ट: त्याची गोळी आडवी येते. तिरकी नाही, वरून नाही. तुमच्या दिशेने सोडलेली असली तरी सरळ रेषेत जाते. तुम्ही त्याच्या रांगेच्या वर किंवा खाली असाल तर ती तुम्हाला लागूच शकत नाही. रांगेत अडकलात तर उडी मारून खालून जाऊ द्या. मध्ये भिंतीचा एखादा चौकोन असेल तर त्याच्या आड उभं राहणं सगळ्यांत सोपं.

तिसरी: तुमची गोळीही आडवीच जाते, आणि एका वेळी पडद्यावर तुमची एकच गोळी असू शकते. ती भिंतीला लागेपर्यंत किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत दुसरी सुटत नाही. क्लासमधला आमचा कंट्रोलवाला घाबरून बटण बडवत राहायचा. त्याच्या दहा दाबांपैकी नऊ वाया जात. लांबून मारलेली गोळी हुकली की ती भिंतीपर्यंत जाईस्तोवर तुम्ही निःशस्त्र. कोळी तुमच्या रांगेत येण्याच्या किंचित आधी गोळी सोडायची, रांगेत आल्यावर नाही. नेम चुकला तर आणखी एक फेरी थांबा, तो परत तिथेच येणार आहे.

बंदूक मुळात तुमच्याकडे नसते. ती लेव्हलमध्ये कुठेतरी पडलेली असते आणि घेतली की खाली 'गन' असं दिसतं. पुढच्या लेव्हलला ती सोबत येत नाही, जेटपॅकही नाही. प्रत्येक दारातून डेव्ह रिकाम्या हाताने बाहेर पडतो. त्यामुळे नव्या लेव्हलमध्ये बंदूक दिसली तर कपाआधी तीच.

पुढच्या लेव्हलमध्ये कोळ्यांऐवजी चित्रविचित्र गरगरणाऱ्या वस्तू येतात. त्यांचे रंगरूप बघून दबू नका. आखलेली वाट आणि आडवी गोळी हे सगळ्यांना सारखंच लागू. अंगावर आदळून शत्रू मरतो खरा, पण डेव्हही मरतो. हा सौदा शेवटचा डेव्ह हातात असताना करू नये.

झाडं आणि जेटपॅक

काही ठिकाणी झाडांची गर्दी दिसते. ती शोभेची नाहीत. झाडासमोर वरचा बाण दाबला की डेव्ह उडी न मारता चढतो आणि तिथेच टिकून राहतो, खाली पडत नाही. नवशिक्यांना हे कळत नाही आणि ते झाडाखालून उड्या मारत बसतात.

जेटपॅक घेतला की खाली इंधनाची पट्टी दिसते. आल्ट दाबला की डेव्ह हवेत तरंगतो, बाणांनी चारी दिशांना जातो. पण लक्षात ठेवा: तरंगत नुसते उभे राहिलात तरी इंधन जळतं. रिक्षाचं मीटर जसं सिग्नलला उभं राहूनही पडतं, तसंच. म्हणून गेमभर जो 'थांबा' चा मंत्र सांगितला, त्याला इथे एक अपवाद: थांबायचं ते जमिनीवर, उडण्याआधी. वाट ठरवा, आल्ट दाबा, जा, आणि कट्ट्यावर पाय टेकताच पुन्हा आल्ट दाबून बंद करा. बंद न करता कट्ट्यावर विसावणं ही सगळ्यांची आवडती चूक आहे. पडून इजा होत नाही हे आठवत असेल तर आणखी एक बचत करता येते: वर जाताना इंधन, खाली येताना फुकट.

हिरे वेचायचे की नाही

जांभळा गोळा 50, निळा हिरा 100, लाल हिरा 150, अंगठी 200, मुकुट 300, राजदंड 500, कप 1000. दर 20,000 गुणांना एक जादा डेव्ह मिळतो. म्हणजे एका डेव्हच्या बदल्यात तुम्हाला 200 निळे हिरे लागतील. हे गणित मांडून दाखवलं तेव्हा भाचा आगीशेजारचा एकुलता एक हिरा सोडून द्यायला तयार झाला. वाटेत येतील ते घ्या, कोपऱ्यात आगीच्या वर लटकलेले राहू द्या. पहिल्या दोन लेव्हलमध्ये मात्र सगळं पुसून घ्या, तिथे धोका कमी आहे आणि ते गुण पुढे उपयोगी पडतात.

पुढच्या काही लेव्हलमध्ये गुप्त वाटाही आहेत. त्यांच्या नादी पहिल्याच खेळात लागू नका.

शेवटची आणि सगळ्यांत जाचक गोष्ट: गेम सेव्ह करता येत नाही. एस्केप दाबून बाहेर पडलात की सगळं पहिल्यापासून. म्हणून जेवायला हाक येण्याच्या वेळी बसू नका. आमच्या क्लासमध्ये सर येताना दिसले की सरळ मशीनच बंद करायची पद्धत होती. त्यामुळे दहावी लेव्हल मी पहिल्यांदा पाहिली ती नोकरीला लागल्यावर, ऑफिस सुटल्यानंतर. भाचा सध्या सातव्या लेव्हलवर आहे. परवा फोनवर म्हणाला, "मामा, मी तिथे आता वीस आकडे मोजतो." मागून बहिणीचा आवाज आला, "तासभर झाला, हा नुसता स्क्रीनकडे बघत बसलाय. गेम बिघडलाय का रे?"